मेलेल्यांना मेलेलंच राहू द्या: मराठी मालिका बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते आणि लेखक मंडळी,
मुक्काम मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातला केबलवाला. तुमची मालिका मुंबईत तयार होते, उपग्रहावर जाते, खाली उतरते आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर माझ्या वायरीतून माडा-पोफळींमधून वाट काढत लोकांच्या घरात पोचते. ती बघून लोकांना काय वाटलं हे तुमच्याकडे आकड्यांत जातं. माझ्याकडे ते तोंडी येतं, आणि दर वेळी सौम्य भाषेत येतं असं नाही.

पत्र लिहायला निमित्त झालं एका प्रोमोचं. मालिकेचं नाव लिहीत नाही. ती आज ना उद्या संपेल आणि तिच्या जागी येणारी हेच करील, तेव्हा एकटीवर राग काढण्यात अर्थ नाही. त्या मालिकेतल्या थोरल्या जावेने सासऱ्याच्या औषधात विष कालवलं, धाकटीचं मूल पळवून परगावी सोडलं, घराचे कागद आपल्या नावावर करून घेतले आणि शेवटी कड्यावरून पडली. नुसती पडली नाही. तुम्ही तिची चिता दाखवलीत, दहावा दाखवलात, पिंडाला कावळा शिवेना म्हणून नवऱ्याला रडवलंत, भिंतीवर हार घातलेला फोटो लावलात. त्या रात्री आमच्या वाडीत बायकांनी ‘सुटलो एकदाचे’ म्हणून टीव्ही बंद केला होता. आता प्रोमोत ती दारात उभी आहे, केस कापून, काळा चष्मा लावून. आणि जिच्या नवऱ्याला तिने मारायला घेतलं होतं ती सासू तिला म्हणते, ‘झालं गेलं विसरून जाऊ या.’

सासूबाईंनी खुशाल विसरावं. आम्ही विसरलेलो नाही, आणि आमच्या वतीने विसरायचा अधिकार त्यांना आम्ही दिलेला नाही.

प्रोमो लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका घरी सेट टॉप बॉक्स बदलायला गेलो, तर तिथल्या आजीने मलाच धरलं. ‘मेलली ती परत कशी इली रे? तार उलटी जोडलंस काय?’ तुम्ही हसाल, मीही हसलो. पण पुढचा प्रश्न तिने विचारला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘आणि पोलीस खंय गेले?’

हे लोक तुम्हाला फुकट बघत नाहीत, एवढं आधी सांगतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार आणि केबलवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाची, नवी दरपद्धत लागू झाली. तोवर मी महिन्याची एक रक्कम घ्यायचो आणि जेवढं येतं तेवढं सगळं दाखवायचो. तेव्हा शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये झाले, वर कर, आणि पे चॅनलचे पैसे निराळे. मी घरोघर यादी घेऊन फिरलो, कुठलं चॅनल ठेवायचं त्यावर खूण करा म्हणून. इंग्रजी गेले, हिंदी सिनेमांचे बरेचसे गेले, काही घरांत पोरांची कार्टूनंसुद्धा गेली. मराठी मालिकांवर काट मारायला कोणी तयार झालं नाही. काजूच्या कारखान्यात दिवसभर बी फोडून, बोटांना तेलाचे काळे डाग घेऊन घरी आलेल्या बाईने त्या यादीवर पहिली खूण तुमच्या नावापुढे केली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. विजेचे खांब आडवे झाले, माझी लाइन झाडांखाली गेली, कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. वीज आली तेव्हा लोकांनी आधी विहिरीवरचा पंप चालू केला, मग मोबाइल चार्जिंगला लावला, आणि तिसरं काम म्हणून मला फोन केला. एवढी माया तुम्ही लावलीत. म्हणून तर गाऱ्हाणं घालायचं. जी मालिका कोणाला आवडत नाही तिच्याबद्दल कोण कशाला पत्र लिहील?

पहिलं गाऱ्हाणं खलनायकांचं.

खलनायक नको असं आमचं म्हणणं नाही. त्याच्याशिवाय गोष्ट चालत नाही हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण आम्ही दशावतारावर वाढलेले लोक. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की गावोगावच्या देवळापुढे रात्री नाटक लागतं. एक बाकडं, बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. लिहून आणलेलं नाटक कोणाच्याच हातात नसतं. कोणी कुठलं पात्र करायचं आणि गोष्ट कुठून कुठे न्यायची एवढं आधी ठरतं, बाकीचे संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. आधी आडदशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, संकासुर येतो, वेद पळवतो, मालवणीत सगळ्यांची टर उडवतो, पोरं त्याच्यावर बेहद्द खूश असतात, आणि विष्णू येऊन त्याला संपवतो. मग आख्यान, म्हणजे रात्रीची मुख्य गोष्ट, लागतं आणि त्यातला राक्षस पहाटेपर्यंत धुमाकूळ घालतो. राक्षसाचं काम करणाऱ्या नटाला आमच्याकडे मान आहे. तो तलवार घेऊन आला की खुर्चीत पेंगणारी माणसं ताठ बसतात. पण शेवटचा दहीकाला होऊन नाटक संपायच्या आत राक्षस मरतो. मरण्याआधी त्याने कोणाकोणाचा छळ केला ते त्याच्या तोंडावर बोललं जातं, पखवाजाच्या तालावर युद्ध होतं आणि तो पडतो. आयत्या वेळी संवाद रचणारे हे नट रात्री एक वाजता केलेलं पाप पहाटे पाचला विसरत नाहीत. तुमच्याकडे तर सगळं लिहिलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, संकासुर तरी काय, दर रात्री नव्या गावात परत येतोच. येतो. पण तो पहिल्यापासून येतो, पुन्हा वेद पळवतो आणि पुन्हा मरतो. काल रात्रीचं पाप पचवून आज तो विष्णूच्या घरी पंगतीला बसत नाही.

तुमची खलनायिका बसते. तिचा डाव सोमवारी सुरू होतो, शनिवारी उघडा पडायच्या बेतात येतो, आणि पुरावा म्हणून जो पेन ड्राइव्ह असतो तो विहिरीत पडतो. नायिकेला सगळं कळलेलं असतं, पण कोणाला तरी वचन दिलेलं असल्यामुळे ती गप्प. घरात विषप्रयोग झाला तरी कोणी तक्रार नोंदवत नाही. ‘घरातली गोष्ट घरातच’ म्हणून खोलीचं दार लावून घेतात. मग आरडाओरडा, एक थप्पड, तिन्ही बाजूंनी तीनदा दाखवलेली. पुढच्या आठवड्यात तीच बाई त्याच डायनिंग टेबलावर पोळ्या वाढते आहे आणि कोणाच्या हाताला कंप नाही! गणपती आले की तर विचारू नका. आमच्या घरी गणपतीत रात्री भजनाला बसायला जागा पुरत नाही, मुंबईहून आलेल्यांना गाद्या पुरत नाहीत, ही आमची चिंता. तुमच्याकडे गणपती बसला की नैवेद्याच्या मोदकात कोणी काय मिसळलं ही चिंता. दर वर्षी. आणि तरी पुढच्या वर्षी मोदक करायला तिलाच बसवतात.

याहून वाईट शेवट करता. आकडे घसरले की मालिका बंद करायचा हुकूम येतो, आणि मग दोन-तीन वर्षं ज्याने लोकांचं रक्त आटवलं तो शेवटच्या भागाच्या शेवटच्या पाच मिनिटांत हात जोडतो, सगळे त्याला जवळ घेतात, एक कुटुंबाचा फोटो, समाप्त. त्याने मारलेल्या माणसाची बायको त्या फोटोत कडेला उभी असते. तिला कोणी विचारलं का? आमच्या जिल्ह्यात चिऱ्याच्या गडग्यावरून आणि सामाईक माडावरून तीन-तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही, त्यापायी माझी वायर कोणाच्या हद्दीतून न्यायची हा रोजचा ताप आहे. पण अशा मुलखात पाच मिनिटांची माफी कोणाला खरी वाटेल, सांगा.

आता कोणी म्हणेल, रोजच्या मालिकेत हे जमणारच नाही. जमतं. आमच्याच जिल्ह्यात जमलेलं आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये सुरू झाली, सावंतवाडीजवळच्या आकेरीत तिचं शूटिंग व्हायचं. कोकण म्हणजे भुताटकी असं दाखवता म्हणून त्या वेळी सिंधुदुर्गातून विरोध झाला होता, आणि तो अगदीच उगाच नव्हता. पण खलनायकाचं काय करायचं हे त्या मालिकेला नीट कळलं होतं. पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतो आणि त्याने मागे काय काय करून ठेवलंय ते घरातल्या एकेकाला भोगावं लागतं. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात काळ मागे नेऊन तोच अण्णा जिवंतपणी काय होता ते दाखवलं. लोभी, बाईलवेडा, माणसं मारणारा. माधव अभ्यंकरांनी तो असा उभा केला की आमच्याकडे पोरं त्याच्यासारखं बोलायला लागली. पण त्याने केलेलं एकही पाप मालिकेने गिळून टाकलं नाही. मेलेली माणसं तिथेही परत येतात, आणि ती हिशेब मागायला येतात. तुमच्या बाकीच्या मालिकांत मेलेली माणसं परत येतात ती हिशेब बुडवायला. मला जे सांगायचंय ते सगळं एवढ्यातच आलं, पण तुम्ही मालिकावाले आहात, तुम्हाला विस्ताराची सवय आहे, म्हणून पुढे लिहितो.

‘तुला पाहते रे’ मध्येही ज्याला नायक म्हणून डोक्यावर घेतलं तोच खुनी निघाला. आमच्याकडे पुष्कळ बायका रुसल्या, सुबोध भावेंना असं काम दिलंच कसं म्हणून. पण ती गोष्ट २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू होऊन २०१९ च्या जुलैत संपली. वर्षाच्या आत. खुनी निघाला तो खुनीच राहिला. रुसलेल्या बायकासुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत बसून होत्या.

दुसरं गाऱ्हाणं जोडप्यांचं.

तुमचा नवरा आणि तुमची बायको एका छपराखाली, एका खोलीत राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. तो अर्धं वाक्य ऐकतो, ती दाराआडून उरलेलं अर्धं ऐकते, आणि त्या दोन अर्ध्यांवर चार महिने काढता. कोकणातल्या बायकांपुढे हे दाखवताना थोडा विचार करायला हवा होता. आमच्या आयांच्या पिढीत घरोघरचे नवरे मुंबईला गिरणीत. वर्षातून एकदा गणपतीला किंवा मे महिन्यात यायचे. मधले अकरा महिने एक मनिऑर्डर आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळी. बायकोला वाचता येत नसेल तर त्या दोन ओळी पोस्टमन वाचून दाखवायचा, म्हणजे नवरा-बायकोतलं सगळं गावासमोर. १९८२ च्या संपाने ते नवरे रिकाम्या हाताने घरी आले आणि अर्ध्या आयुष्यानंतर पहिल्यांदा बायकोसोबत सलग राहायला लागले. त्यांच्यात भांडणं नव्हती? होती. संशय नव्हता? तोही होता. पण तो बोलून मिटवायला लागायचा, कारण ऐकायला दाराआड कोणी उभं नव्हतं. या बायका आज सत्तरीच्या घरात आहेत आणि तुमच्या मालिकेतल्या नायकाला टीव्हीकडे बघून सांगतात, ‘अरे इचार तिका! तोंड नाय तुका?’ तो विचारत नाही. मालिका संपेल ना.

मग घटस्फोट, मग दुसऱ्याशी साखरपुडा, मग मांडवात पहिल्याचं येणं, मग परत लग्न. त्याच दोघांचं तीनदा लग्न लावताना भटजी आणि दागिने बदलता, बाकी काहीच नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ मधल्या जान्हवीचं बाळंतपण किती लांबलं यावर महाराष्ट्रभर विनोद झाले, ते अजून चालू आहेत. पण त्या विनोदांत प्रेमच होतं. मला जास्त खुपतं ते निराळं. मुलीला धाक दाखवून, फसवून, कधी उचलून नेऊन केलेलं लग्न, आणि मग शंभर भागांनंतर तोच माणूस पावसात भिजत तिला छत्री धरतो म्हणून पाठीमागे बासरी. धाक दाखवला होता ते कुठे गेलं? वाडीतल्या पोरी हे बघतात. त्यांना बघू देऊ नका असं मी म्हणत नाही, त्या काय बघतात ते ठरवणारा मी कोण. पण त्याने केलेल्या गोष्टीचं नाव तरी एकदा घ्या.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर दुपारच्या मालिका सुरू झाल्या, साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर, म्हणून अजून त्यांना साबणाचंच नाव आहे, ‘सोप ऑपेरा’. तिथल्या ‘जनरल हॉस्पिटल’ मध्ये ल्यूक नावाच्या माणसाने १९७९ मध्ये लॉरा नावाच्या मुलीवर बलात्कार केला. पुढे तोच नायक झाला, दोघांची जोडी जमवली, आणि १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांचं लग्न लागलं ते सुमारे ३ कोटी लोकांनी बघितलं. तिथल्या दुपारच्या मालिकांत आजवरचा सगळ्यात मोठा प्रेक्षक. म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने झालं ते बरोबरच झालं. पण त्या मालिकेने पुढे एक केलं. १९९८ मध्ये त्या दोघांचा मुलगा मोठा झालेला दाखवला, त्याला ती जुनी गोष्ट कळते आणि तो बापाला जाब विचारतो. उशीर झाला, फार उशीर झाला, तरी मालिकेला आठवण होती. तुमच्याकडे मुलगा मोठा करायला वर्षंसुद्धा लागत नाहीत, एका लीपमध्ये वीस वर्षं उडी मारता. मग त्याला जाब विचारायला तोंड का देत नाही?

तिसरं परत येणाऱ्यांचं. हे सगळ्यात मोठं निघेल असं वाटलं होतं, पण लिहायला बसलो तर राग कमी आणि कीव जास्त येते.

कारण तुमची अडचण मला कळते. नट सोडून जातो. त्याला सिनेमा मिळतो, तब्येत बिघडते, पैशांवरून बिनसतं. भाग रोज द्यायचा असतो, हाताशी तयार भाग थोडेच असतात, कथा एक लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. माझंही काम रोजचंच आहे, पावसात खांबावर चढलेल्याला मुदतीचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. नट गेला म्हणून पात्राला अपघात, आणि नट परत आला म्हणून पात्र नदीकाठी कोळ्याच्या झोपडीत सापडतं, स्मरणशक्ती गेलेलं. (कोळ्यांना काय दुसरी कामं नाहीत? आमच्या किनाऱ्यावर इतकी वर्षं जाळी ओढतात, कोणाला अजून नायक मिळालेला नाही.) नाहीतर तोच चेहरा घेऊन जुळा भाऊ. नाहीतर प्लॅस्टिक सर्जरी आणि नवा नट. अमेरिकेतल्या ‘डॅलस’ ने तर १९८६ मध्ये मेलेला बॉबी अंघोळ करताना दाखवला आणि मधलं अख्खं वर्षभराचं कथानक त्याच्या बायकोला पडलेलं स्वप्न होतं असं सांगून मोकळे झाले. चाळीस वर्षं होत आली, लोक अजून हसतात.

चेहरा बदलला तर आम्ही आकांत करत नाही, एवढं लक्षात घ्या. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधली शनाया रसिका सुनील करायची, ती गेली, ईशा केसकर आली, आणि मग पुन्हा रसिका सुनील आली. पहिले चार दिवस कुरकुर झाली, मग चाललं. ‘रात्रीस खेळ चाले’ च्या तिसऱ्या पर्वात शेवंताचं काम करणारी नटी बदलली तेव्हाही तेच. दशावतारात काल एकाने केलेली राणी आज दुसरा करतो, आणि दोघेही बाप्येच असतात, तरी ती राणी म्हणून चालते. राणीने काल काय शपथ घेतली ती आजच्या राणीला माहीत हवी, एवढीच अट असते. नवा चेहरा चालेल, मागचं सगळं पुसून टाकलेला नवा माणूस चालणार नाही. मग आमच्या वाडीतल्या बायकांनी त्या जुन्या शेवंतासाठी, शनायासाठी, कोणासाठीही चरफडत काढलेल्या संध्याकाळी कोणाच्या खात्यावर मांडायच्या?

आणखी एक, थोडक्यात. तुमच्या मालिकेत मालवणी बोलतो तो गडी, नाहीतर भुताची माहिती सांगणारा म्हातारा. वाड्याचा मालक, डॉक्टर, वकील, नायिका, सगळे पुणेरी. आमचा तहसीलदार मालवणी बोलतो हो.

ही तक्रार सरकारदरबारी का नेली नाही असं कोणी विचारेल. केबलच्या १९९५ च्या कायद्याखाली मीही येतो, तुम्हीही येता. २०२१ च्या जूनमध्ये त्याचे नियम बदलले, तेव्हापासून प्रेक्षकाने लेखी तक्रार केली तर वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत उत्तर द्यायचं असं आहे. अंधश्रद्धेला उत्तेजन, बायकांची नालस्ती, हिंसेची भलामण याला तिथे जागा आहे. सासऱ्याला विष घालणारी सून परत पंगतीला बसवली, याला कुठल्याच कलमात जागा नाही, आणि असूही नये. गोष्ट कशी सांगावी हे सरकारने ठरवायला लागलं तर मी आधी माझा बॉक्स फोडीन. म्हणून तुम्हालाच लिहितो, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहितो.

मागण्या जड नाहीत. खलनायकाने जे केलं त्याचा परिणाम गोष्टीत दिसू द्या. तुरुंगच हवा असं नाही, पण ज्याचं नुकसान झालं त्याला एकदा तरी समोर उभं राहून बोलू द्या, आणि माफ करायचं की नाही ते त्याला ठरवू द्या, घरातल्या मोठ्या माणसाला नको. जोडपं धाकदपटशाने जमवलं असेल तर त्याला प्रेमाचं संगीत लावण्याआधी तो धाक कबूल करा. चिता दाखवाल तर तो माणूस गेला. परत आणायचा बेत असेल तर चिता दाखवू नका, बेपत्ता दाखवा, आम्ही वाट बघू. वाट बघायची आम्हाला पिढीजात सवय आहे. नट बदलला तर त्या दिवशी सुरुवातीला एक साधी पाटी लावा, आजपासून ही भूमिका अमुक करतील, म्हणजे फोन मला येणार नाहीत. मालिका बंद करायची ठरली की लेखकाला निदान महिनाभर आधी सांगा. गुरुवारी प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कचे आकडे आले आणि शुक्रवारी निरोप धाडला, अशाने कुठल्याही गोष्टीला धड शेवट मिळणार नाही. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली. लांबीबद्दल आमची तक्रार नाहीच.

आणि एक मागणी अशी, की जिला खर्च जवळजवळ नाही. तुमच्या सेटवर कंटिन्युइटी बघणारं माणूस असतं. कालच्या प्रसंगात नायिकेच्या हातात किती बांगड्या होत्या, टिकली लाल होती की मरून, पदर कुठल्या खांद्यावर होता, हे ते वहीत लिहून ठेवतं, फोटो काढून ठेवतं, आणि चूक झाली तर त्याला बोलणी बसतात. त्याच वहीत एक पान वाढवा. कोणी कोणाला विष घातलं, कोण कोणाला काय शपथ देऊन बसलाय, कोण मेला, कोणी कोणाचं मूल पळवलं. नवा लेखक आला की कामाला बसण्याआधी त्याने ते पान वाचायचं. हे काम करायला मुंबईत माणूस मिळत नसेल तर आमच्या वाडीतल्या काजू फोडणाऱ्या बायकांपैकी कोणालाही न्या. तुमच्या कुठल्याही मालिकेचा पहिल्या दिवसापासूनचा हिशेब त्या तोंडपाठ सांगतील. पगाराचं मात्र आधी बोलून घ्या, त्या घासाघीस करतात.

आपला,
एक केबलवाला
तालुका वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग